वहिवाट

माझ्या टेबलावरच्या निम्म्या फायली वहिवाटीच्या असतात. आमच्या तालुक्यात जमिनी तुकड्यातुकड्यांच्या, बांध वेडेवाकडे, आणि दुसऱ्याच्या शेतातून गेल्याशिवाय कुणालाच आपल्या शेतात पोचता येत नाही. मग एक दिवस कुणीतरी वाटेत गडगा रचतं आणि पक्षकार माझ्याकडे येतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वर्षांपासून जाता-येता? तो म्हणतो, “बाई, आज्या-पणज्यापासून.” मी म्हणते, ते खरं, पण कागद काय आहे? साक्षीला कोण येईल? मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांपुढे अर्ज असो की दिवाणी कोर्टात दावा, पूर्वापार वहिवाट आहे असं जो म्हणतो, त्यानंच ती शाबीत करायची.

वकिलीच्या सुरुवातीला हा नियम मला कोरडा वाटायचा. मग एका पावसाळी दुपारी वीज गेली, कोर्टाचं काम थांबलं आणि मी बार रूमच्या कपाटातून बॉम्बे लॉ रिपोर्टरचा एकोणचाळिसावा खंड काढला. त्यात ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ हा निकाल आहे. चवदार तळ्याचा खटला. आम्ही बौद्धवाडीतली माणसं. चवदार तळं आमच्या घरात भिंतीवरच्या चित्रात होतं, गाण्यांत होतं, दर वीस मार्चला एसटीनं महाडला जाण्यात होतं. पण हेच तळं एका दिवाणी दाव्याचा विषय होतं, त्या दाव्यात साक्षीपुरावे झाले, दोन अपिलं झाली, हे कायद्याची पदवी घेऊनही मला नीट माहीत नव्हतं. खिडकीपाशी उजेडात उभी राहून मी ते वाचलं. त्या दाव्याच्या मध्यभागी माझ्या रोजच्या धंद्यातला शब्द बसलेला होता. वहिवाट.

तळ्याची गोष्ट आपण साधारणपणे २० मार्च १९२७ पासून सांगतो. कायद्याच्या अंगानं सांगायची तर ती साडेतीन वर्षं आधी सुरू होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी असे हुकूम त्याआधीच काढले होते, पण मुंबई इलाख्यात निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सभेनं असं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. पुढच्या महिन्यात सरकारी आदेश निघाला. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. आणि मग तीन वर्षं काहीही झालं नाही. ठराव दप्तरात राहिला, पाणी तळ्यात. गुरं पाणी पीत होती, परगावची माणसं पीत होती, इतर धर्मांची माणसं पीत होती. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांच्यातलं कुणीही काठावर गेलं नाही. का गेलं नाही, हे खेड्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली ती या तीन वर्षांनंतर. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण घरांतली माणसं त्यात मनापासून होती. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागून माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नंतर गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. पाठोपाठ पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला जुना ठराव मागे घेतला.

आमच्या घरातलं कुणी त्या दिवशी महाडला होतं का, असं मी लहानपणी आजीला विचारायची. कुणी नव्हतं. माझ्या खापरपणज्याला निरोप मिळाला होता म्हणे, पण खोताच्या वाड्यावरचं काम सोडून जाणं त्याला जमलं नाही. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची. घराण्यातलं कुणी चोरी करताना सापडावं तसा. मला त्या माणसाबद्दल तसं कधीच वाटलं नाही. जे गेले ते किती मोठे होते, हे मला त्याच्या न जाण्यातूनच कळलं.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद ठरली. तळ्यावर पुन्हा जायचं, या वेळी सत्याग्रह म्हणूनच. परिषदेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. परिषद तोंडावर आली असताना, १२ डिसेंबरला, महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला. वादी सवर्ण हिंदू, प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. मागणी अशी की हे तळं पूर्वापार फक्त स्पृश्यांच्या वहिवाटीचं आहे, अस्पृश्यांनी त्याला हात लावू नये असा कायमचा मनाई हुकूम द्यावा. चौदा तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

पंचवीस तारखेला माणसं जमली ती तयारीनिशी. तुरुंगात जायला तयार असलेल्यांची नावं नोंदवली गेली. त्या दिवशीचं बाबासाहेबांचं भाषण आमच्याकडे वाचलं जातं. चवदार तळ्याचं पाणी आजवर प्यायलो नाही म्हणून आपण मेलो नाही आणि ते प्यायल्यानं अमरही होणार नाही, आपल्याला तिथं जायचं ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला, असा त्यातला आशय. रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. आणि दोन दिवसांनी, बराच खल झाल्यावर, बाबासाहेबांनी जमलेल्या माणसांना सांगितलं की कोर्टाचा हुकूम आहे, तो मोडायचा नाही. मिरवणूक निघाली, शिस्तीत तळ्याभोवती फिरली आणि कुणीही पाण्याला हात न लावता परत आली.

त्या मिरवणुकीचा विचार मी फार वेळा करते. मार्चमध्ये ज्या काठावर मार खाल्ला, त्याच काठावरून पाणी बघत बघत पुढं चालत जायचं. कशासाठी? एका दुय्यम न्यायाधीशाच्या दोन दिवसांत मिळालेल्या तात्पुरत्या हुकमासाठी. वकील म्हणून मला त्यातलं शहाणपण कळतं. भांडण गावातल्या सवर्णांशी होतं, सरकारही अंगावर घ्यायचं नव्हतं आणि कायद्याचाच आधार घेऊन पुढची लढाई करायची होती. पण मी त्या रांगेत असते तर मला ते मान्य झालं असतं असं सांगण्याची माझी छाती नाही.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालू राहिला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टानं तो फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले, तिथं १९३३ मध्ये हरले. तिथून उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. हे तेच ब्रूमफील्ड ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. तळ्यावरच्या पहिल्या ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तेव्हा तीन दिवस कमी होते.

निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा शेवटच्या परिच्छेदापाशी खट्टू झाले. मला वाटलं होतं की कुठंतरी असं वाक्य येईल, माणसाला पाण्यापासून हाकलणं हा अन्याय आहे. ते येत नाही. न्यायालय एवढंच म्हणतं की वादींनी जी अनादिकाळाची वहिवाट सांगितली ती त्यांना शाबीत करता आली नाही. शाबीत झाली असती, तर ती वहिवाट गैरवाजवी आहे का, लोकहिताविरुद्ध आहे का, हे बघावं लागलं असतं. पण तो प्रश्न उरलाच नाही. विषय संपला.

यावरून माझं आणि वडिलांचं एकदा चांगलंच वाजलं. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, महाडचा निकाल त्यांच्यासाठी विजय होता, त्यात खोट काढलेली त्यांना चालायची नाही. मी म्हटलं, बाबा, आपण हक्कावर नाही जिंकलो, ते पुराव्यात हरले म्हणून जिंकलो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “हजार वर्षं त्यांना कुणी विचारलं होतं का, की तुमचा पुरावा काय? दहा वर्षं ते कोर्टात येऊन शाबीत करत होते. आपण नाही.”

मी गप्प बसले. वकिली माझी होती, पण मर्म त्यांनी धरलं होतं. त्याआधीची न्यायालयं काय करत होती ते पाहिलं की हे जास्त कळतं. तमिळ मुलखातल्या कमुदीच्या देवळात नाडर जातीची माणसं शिरली, तो वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेला आणि १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं रूढी मान्य करून नाडरांविरुद्ध निकाल दिला. तिथं वहिवाट शाबीत झाली होती. म्हणजे आपल्याकडे रूढी ही नुसती गावकीची गोष्ट नव्हती, दिवाणी हक्क म्हणून कोर्टातून तिची अंमलबजावणी होत होती. महाडला वादींना तोच रस्ता ओळखीचा वाटला, म्हणून ते कोर्टात गेले. आणि वादी झाल्यामुळं शाबितीचा बोजा त्यांच्या डोक्यावर आला.

तेव्हापासून नागरी हक्कांच्या कायद्याचा इतिहास मी एकाच प्रश्नानं वाचते. शाबीत कोणी करायचं?

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारं कलम आलं. आजच्या संविधानात ते सतरावं आहे. के. टी. शहा यांनी विचारलं की अस्पृश्यतेची व्याख्या कुठं आहे? व्याख्या दिली गेली नाही, कलम मंजूर झालं, सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला. व्याख्या नसण्याबद्दल पुष्कळांनी नाराजी लिहिली आहे. मला ती उणीव वाटत नाही. ‘कोणत्याही स्वरूपातील आचरण’ असे शब्द कलमात आहेत. व्याख्या केली असती तर ती १९४८ च्या माणसांना माहीत असलेल्या प्रकारांपुरती झाली असती. शब्द मोकळा राहिला म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी त्याच कलमाखाली रद्द करता आली. स्वयंपाक कुणी करायचा आणि झाडलोट कुणी, हे स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत जातीवरून लिहून ठेवलेलं होतं, पंचाहत्तर वर्षं.

पंधराव्या कलमात तर महाडच दिसतं. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशानं राखलेले. बोले यांच्या ठरावाचीच ही भाषा आहे. पंचवीस वर्षं दप्तरात, काठ्यांखाली आणि कोर्टात फिरून ती संविधानात आली.

संविधानाच्या मराठी प्रतीत सतराव्या कलमात एक शब्द आहे, निःसमर्थता. अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता लादणं हा अपराध. हा शब्द मी आजीला एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिचं बालपण पाणवठ्यावर हंडा घेऊन लांब बसण्यात गेलं. वरच्या बायका येतील, त्यांचं भरून होईल, मग एखादीला दया आली तर ती पोहऱ्यातून वरून पाणी घालील. हंड्याला पोहरा लागता कामा नये. पुढं आमच्या वाडीत नळ आला, दारात आला. तरी आजी नळाखाली हंडा ठेवला की दोन पावलं मागं सरायची आणि भरेस्तोवर तिथंच उभी राहायची. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या नळापासून दोन पावलं. ती गेली तोवर हे चाललं. तो जड शब्द ऐकून ती म्हणाली होती, “असंल काय तरी. कागदावर लिवलं ना? मग झालं.”

कागदावर लिहिल्यानंतरचा पहिला खरा कायदा १९५५ चा, अस्पृश्यता (अपराध) अधिनियम. त्यातल्या शिक्षा किरकोळ होत्या, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, आणि बहुतेक वेळा दंडावरच भागायचं. पण त्याचं बारावं कलम मला फार मोलाचं वाटतं. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालयानं धरून चालायचं. तसं नव्हतं हे आरोपीनं दाखवायचं. म्हणजे महाडला योगायोगानं जे झालं, ते इथं कायद्यानं केलं. बोजा फिरवला.

त्यातही एक फट राहिली आणि ती नेमकी आमच्या वाट्याला आली. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धर्मांतर झालं. बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा उरला नाही. १९९० मध्ये दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, बौद्ध म्हणून उभ्या राहणाऱ्याला त्या गृहीतकाचा आधार नव्हता. गावानं धर्मांतर मानलं नाही, पाणवठ्यावर तो जुन्याच नावानं ओळखला जाई. कायद्यानं मात्र ते मानलं. माझ्या वडिलांची उमेदीची सगळी वर्षं या फटीत गेली. महाडबद्दल ते इतके हळवे का होते, याचं कारण मला यात दिसतं.

१९६५ मध्ये नेमलेल्या एलयापेरुमाळ समितीनं त्या कायद्याची दुबळी अंमलबजावणी उघडी केली आणि १९७६ मध्ये दुरुस्ती झाली. किमान शिक्षा आली, तडजोडीची वाट बंद झाली, आणि नाव बदलून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झालं. त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळं माणसाला मिळणारा कोणताही हक्क म्हणजे नागरी हक्क. दुसऱ्या देशांत हा शब्द मतदानापाशी सुरू होत असेल. आपल्या कायद्यात तो पाणवठ्यापाशी सुरू होतो. कर्नाटकातल्या एका गावी नव्या बोअरवेलवर पाणी भरू न दिल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलेल्यांना १९९२ मध्ये दोषी ठरवलं गेलं, आप्पा बाळू इंगळे यांचा खटला म्हणून तो ओळखला जातो. तळं जाऊन बोअरवेल आली होती, बाकी फारसं काही हललं नव्हतं.

१९८९ च्या अट्रॉसिटी कायद्याबद्दल लोक जामिनावरून भांडतात. मला त्यातले दोन-तीन शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात. मूळ कायद्यात गंभीर गुन्ह्यांबाबत अट होती की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला हे दाखवावं लागे. मारणाऱ्याच्या मनात काय होतं हे मेलेल्याच्या नातेवाइकानं शाबीत करायचं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका घरातली चार माणसं, आई, मुलगी आणि दोन मुलगे, जमावानं मारली. २००८ मध्ये सत्र न्यायालयानं खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही असं ठरवलं. जात हे कारण शाबीत झालं नाही. तो निकाल वाचून मी फाईल मिटली आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाही. नव्या दुरुस्तीनं, २०१६ पासून, ‘या कारणावरून’च्या जागी ‘हे माहीत असताना’ असे शब्द आले. आणि आरोपी पीडिताला किंवा कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं धरलं जातं. खेड्यात कुणाची जात कुणाला माहीत नसते?

मग २०१८. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याखालच्या अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. निकालाची तारीख २० मार्च. त्या दिवशी आम्ही महाडला होतो, क्रांतिस्तंभापाशी उन्हात. परतीच्या वाटेवर एसटीत कुणाच्या तरी फोनवर बातमी आली आणि गाडीत गलका झाला. शाबितीचा बोजा पुन्हा आपल्याकडे सरकला, अगदी दारातच, फिर्याद लिहायच्या आधी. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि पुढच्या वर्षी न्यायालयानंही ते निर्देश मागे घेतले. मधे २ एप्रिलचा भारत बंद झाला, उत्तरेत माणसं मेली.

आता माझ्या टेबलावरची एक फाईल. गाव सांगत नाही, बाईंचं नावही नाही. सार्वजनिक नळ, उन्हाळा, एक दिवसाआड पाणी. बौद्धवाडीतल्या या बाईंचा हंडा रांगेतून उचलून बाजूला ठेवला गेला आणि त्यांना त्यांच्या जातीनं हाक मारून थांबायला सांगितलं गेलं. पोलिसांनी अट्रॉसिटीचं कलम लावलंच नाही, फक्त नागरी हक्क संरक्षण कायदा लावला. मी सरकारी वकिलांना साहाय्य करत होते. दोन साक्षीदार फिरले. बचाव असा की पाणी कमी होतं, भांडण रांगेवरून झालं, जातीचा संबंध नव्हता. कोर्टानं आरोपींना सोडलं. हंडा बाजूला काढला हे शाबीत मानलं, पण अस्पृश्यतेच्या कारणावरून काढला हे फिर्यादी पक्षानं शाबीत केलं नाही, असं निकालपत्रात लिहिलं. बाराव्या कलमाचा त्यात उल्लेखही नाही.

बाहेर पिंपळाखाली त्या मला म्हणाल्या, “मॅडम, हंडा त्यांनी उचलला. मग शाबीत मी काय करायचं होतं?”

पीडितेला स्वतःचं अपील करण्याची सोय २००९ च्या शेवटापासून आहे. अपील मी त्यांच्या वतीनं दाखल केलं आहे. अपिलाच्या मेमोत मुद्दे लिहायचे असतात, बहुतेक वकील पहिला मुद्दा ठरावीक लिहितात, खालच्या कोर्टाचा निकाल पुराव्याला धरून नाही वगैरे. मी तो दुसरा टाकला. पहिला असा लिहिला: कृत्य शाबीत झाल्यावर कारण नव्हतं हे शाबीत करण्याची जबाबदारी आरोपींवर होती, ती त्यांच्याकडे मागितलीच गेली नाही. टायपिस्टनं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, आणि खाली कलम बारा ठळक कर.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. नळाला तोवर रोज पाणी येत असेल.